नऊ तकबिरी

अब्बांच्या चाळिसाव्याला आलेला प्रत्येक जण सांगून गेला की वली हुर्जुकांसारखा माणूस पुन्हा होणे नाही. मी पडद्याआड पेल्यांत चहा ओतत होते आणि मनात म्हणत होते, नाही झाला तेच बरं, घरच्यांना फार सोसावं लागतं. मग काजीसाहेब म्हणाले, "वलीमियाँची मोजणी उभ्या आयुष्यात एकदासुद्धा चुकली नाही." अम्माने मला कोपर मारलं. चाळीस दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती, म्हणून मी चहा सांडल्याचं काही वाटून घेतलं नाही.

अब्बा श्रीवर्धनात दयाराम शेठच्या सुपारीच्या वखारीत हिशेबनीस होते. शेठ सांगायचे, वलीमियाँनी केलेली बेरीज मी तपासत नाही, नुसती सही ठोकतो. वखारीत ज्याचं कौतुक व्हायचं, त्याचा घरात डोक्याला ताप होता. गुळाचा खडा आणला की मला आणि माझ्या थोरल्या भावाला, सिराजभाईला, अडकित्त्याने त्याचे दोन तुकडे करून मिळत. एक तुकडा किंचित मोठा दिसला तर अब्बा त्याचा कोपरा कातरून स्वतःच्या तोंडात टाकायचे. मग दुसरा मोठा दिसायचा. असा निम्मा गूळ न्यायापायी अब्बांच्याच पोटात जायचा. अम्माने नवं लुगडं नेसून कसं दिसतंय विचारलं, तर एकदा वरून खाली बघून म्हणायचे, "बराबर हाय."

मशिदीत त्यांची जागा पहिल्या रांगेत, डावीकडून तिसरी. नमाज कधी चुकला नाही, आणि आमचा चुकला तर आम्हाला सुटका नव्हती. पण ओरडायचे नाहीत. नुसते आमच्याकडे बघत बसायचे, बेरीज जुळत नसली की वहीकडे बघत तसे.

रमजान संपत आला की काजीसाहेब त्यांनाच किनाऱ्यावर बोलावून घेत. रमजान सुरू करायला चाँद पाहिलेला एक भरवशाचा माणूस आमच्याकडे पुरतो, पण रोजे सोडून ईद करायची तर दोघांची साक्ष लागते. दुसरं कुणीही असो, एक साक्ष कायम अब्बांची असे.

सन अठ्ठावीसची ईद मात्र आमच्या घरावरच आली. मी दहा वर्षांची होते. सिराजभाईला मुंबईहून सुटणाऱ्या एका मोठ्या जहाजावर भंडाऱ्याच्या, म्हणजे स्वयंपाक्याच्या, हाताखाली काम मिळालं होतं. मुंबईची बोट शुक्रवारी उजाडता उजाडता, आणि तो पुन्हा घरी येणार दोन-तीन वर्षांनी. बुधवारी एकोणतिसावा रोजा होता. संध्याकाळी चाँद दिसला तर गुरुवारी ईद, पोरगं आपल्या घरात शिरखुर्मा खाऊन, सगळ्यांच्या गळाभेटी घेऊन जाईल. नाही दिसला तर तिसावा रोजा आणि ईद शुक्रवारी, म्हणजे गाव नमाजाला निघेल तेव्हा सिराज बोटीवर. अम्माने कशाचीच वाट न पाहता शेवया भाजून ठेवल्या होत्या.

सूर्य बुडाला तेव्हा समुद्रावर धुरकट होतं. अर्धा गाव किनाऱ्यावर डोळे बारीक करून उभा होता. इतक्यात हमीदमामू, म्हणजे अम्माचा भाऊ, बोट वर करून म्हणाला, "तो काय. बारीक हाय, पण हाय." हमीदमामू पडाववाला. मोठी बोट किनाऱ्याला लागत नसे, तो माणसांना पडावातून तिच्यापर्यंत नेऊन सोडायचा. दर्यावरची नजर त्याची, कोण नाही म्हणणार? पण सिराज त्याचा लाडका भाचा होता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

एक साक्ष झाली. काजीसाहेब अब्बांकडे वळले. मी अब्बांचा सदरा धरून उभी होते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा ना, अब्बा, म्हणा.

"मला दिसला न्हाय," अब्बा म्हणाले. "चाँद नव्हता असं म्हणत न्हाय मी. माझ्या डोळ्यांना दिसला न्हाय."

"तर उद्या रोजा," काजीसाहेब म्हणाले, आणि माणसं पांगली. मामू अब्बांशी न बोलताच निघून गेला.

अम्मा भांडणारी नव्हती. राग आला की ती भांडी घासायची. त्या संध्याकाळी तिने घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली. शेवटी हातातला तांब्या खाली ठेवून म्हणाली, "एक शब्द व्हता. पोरासाठी एक शब्द बोलवला न्हाय तुमच्यानं."

"तोंड उघडलं व्हतं, जैबुन," अब्बा म्हणाले. "आलाच न्हाय."

अब्बांचा तेव्हा मला भयंकर राग आला होता. आजही थोडा येतो.

गुरुवारी संध्याकाळी चाँद दिसला तो असा जाडजूड की बिनचष्म्याच्यांनाही दिसला. अख्खा मोहल्ला म्हणाला, हा दोन दिवसांचा हाय, कालचाच हाय. मामू मुद्दाम आमच्या अंगणात येऊन बराच वेळ आभाळाकडे बघत उभा राहिला. अब्बा एवढंच म्हणाले, "जाडी ही काय साक्ष नव्हे." पण त्यांना जेवण गेलं नाही, आणि ईदसाठी काढलेल्या टोपीची त्यांनी तीन वेळा घडी घातली.

शुक्रवारी पहाटे अब्बा आंघोळ करून, अत्तर लावून तयार झाले. आम्हाला वाटलं, आता ईदगाहची वाट धरतील. त्यांनी उचलली चटई.

"जैबुन, शिरखुर्म्याचा डबा घे. फरिदा, तू बी हातपाय धुवून, वजू करून चल."

"कुठं?" अम्मा दोन दिवसांनी बोलली.

"खाली. आपल्यात ईदचा नमाज घरातल्या घरातबी होतो, परवासातबी होतो. चार माणसं लागत न्हायत, ईदगाह लागत न्हाय. सूर्य उगवला की पुरे."

अम्मा त्यांच्याकडे बघतच राहिली. ज्या कायद्याने बुधवारी तिची ईद अडवली, त्याच कायद्यातून हा माणूस आता वाट काढून दाखवत होता.

किनाऱ्यावर मामूचा पडाव भरला होता. लांब पाण्यात बोट उभी होती आणि एकदा शिट्टी देऊन झाली होती. अब्बांनी वाळूवर चटई पसरली आणि मामूला म्हणाले, "हमीद, दोन रकातींचा नमाज. एवढा थांब."

"परवा माझा चाँद चालला न्हाय तुमाला, वलीभाई. आज माझा पडाव बरा चालतो," मामू म्हणाला. पण पाय धुवून तोही येऊन उभा राहिला. पडावातली माणसं कुरकुरली, मग गप्प बसली.

मागे डोंगरावर सूर्य आला. अब्बा पुढे, त्यांच्या मागे सिराजभाई आणि मामू, त्यांच्या मागे अम्मा आणि मी. आमचा किबला, नमाजात तोंड करायची दिशा, समुद्राकडे, त्यामुळे समोर ती बोटच उभी. ईदच्या नमाजात आम्ही पहिल्या रकातीत सात तकबिरी, म्हणजे अल्लाहु अकबर, जादा म्हणतो, दर वेळी हात उचलून. अब्बांनीच मला त्या बोटांवर मोजायला शिकवलं होतं. मी मोजत होते. पाच. सहा. सात. आता अब्बा कुराण पढायला लागणार, तर त्यांनी पुन्हा हात उचलले. आठ. मामूचे बांधलेले हात घाईने वर गेले. सिराजभाईचे खांदे हलत होते. मग नऊ. त्यानंतर अब्बा पढायला लागले, तो आवाज मला ओळखूच आला नाही.

नमाज झाल्यावर अब्बांनी स्वतः शिरखुर्मा वाढला. सगळे काजू आणि खारका सिराजभाईच्या वाटीत गेल्या, मला नुसतं दूध आलं. मी तक्रार केली नाही.

पडाव गेला. बोट गेली. अब्बा वाळूत उभे होते, टोपी हातात. अम्मा त्यांच्या शेजारी जाऊन म्हणाली, "नऊ झाल्या."

"काय नऊ?"

"तकबिरी. सात असत्यात."

अब्बांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, "मी मोजत नव्हतो, जैबुन."

अम्माने रिकामा डबा त्यांच्या हातात दिला, चटई स्वतः उचलली, आणि घरापर्यंत त्यांच्याबरोबरीने चालत आली. पुढे दहा वर्षं, दर ईदला अब्बा टोपी घालून निघाले की ती दारातून विचारायची, "आज किती?" आणि अब्बा न वळता म्हणायचे, "सात, बाई, सात."