बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी

तळ्याच्या मातीच्या बांधाखाली एक दगडी नाली होती, आणि तिच्यात बारा महिने पाणी झिरपत असे. पाटकरीण रोज सकाळी तिथं काचेची बाटली भरून उन्हात धरायची. मातीचा बांध थोडाफार पाझरणारच. पाझर नितळ असला की काळजी नाही. गढूळ झाला तर मात्र पाणी आतून बांधाची माती घेऊन निघालंय असं समजायचं. हे तिला सासऱ्यांनी शिकवलं होतं. त्यांच्यामागं शेतांना पाळीपाळीनं पाणी सोडायचं काम तिच्याकडं आलं, त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत बाटली एकदाही गढूळ भरली नव्हती.

त्या सकाळी पाणी चहासारखं आलं.

तिनं बाटली ओतली, विसळली, पुन्हा भरली. तेच. गुरं उतरली असतील, बेडकांनी चिखल ढवळला असेल, अशी स्वतःची समजूत घालत तिनं बाटली दगडावर ठेवली आणि शंभरपर्यंत आकडे मोजले. तळाशी बोटभर गाळ बसला होता. बांधापलीकडं तळं काठोकाठ भरलेलं, आणि अलीकडं हाकेच्या अंतरावर शाळा. मुलं मोठ्यानं पाढे म्हणत होती.

ती तडक धाकट्या दिराकडं गेली. तो गावच्या पाणी संस्थेचा अध्यक्ष. तळ्यातून पाटात पाणी सोडायच्या दाराला दोन कुलपं असत, एकाची किल्ली तिच्याकडं आणि दुसऱ्याची त्याच्याकडं, म्हणजे एकट्यादुकट्यानं पाणी पळवू नये. दीर अंगणात मोटर खोलून बसला होता.

"भाऊजी, पाझर गढूळ आलाय. दार उघडायला हवं."

"दार?" त्यानं पाना खाली ठेवला. "वहिनी, तीन वर्षांनी तळं भरलंय. गावानं आपापल्या वाट्याप्रमाणं रोपं लावलीत. आज पाणी सोडलं तर उन्हाळ्यात प्यायला काय देणार?"

"आधी बघा तरी."

तो आला. तिनं बाटली भरून त्याच्या हातात दिली. पाणी नितळ होतं, अगदी आरशासारखं.

दीर हसला, पण कुत्सितपणे नाही. "झोप झाली नाही वाटतं तुमची. गावात बोलू नका हं, उगीच घबराट व्हायची."

तो गेला. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. असा पाझर आपणहून नितळ होत नाही. आत कुठंतरी माती ढासळून वाट तेवढ्यापुरती बुजली असणार, आणि मागं पाणी जोर धरत असणार.

तेवढ्यात तिला बांधावरची झाडं आठवली. बांधावर मोठं झाड नको म्हणून दोन वर्षांपूर्वी ती तोडली, लाकूड शाळेच्या छपराला लागलं. बुंधे मुळांसकट उपटून खड्डे दाबून भरायचं काम दिराकडं होतं. ते राहूनच गेलं. मुळं आत कुजली की पोकळी राहते, आणि पाणी तिथूनच वाट काढतं. तिला ठाऊक होतं, पण घरच्या माणसाला चारचौघांत कसं बोलायचं म्हणून ती गप्प बसली होती.

ती बांधावर चढली. मधल्या बुंध्यापाशी जमीन किंचित बसलेली दिसली. तिनं हातातली काठी टेकवली. काठी मुठीपर्यंत आत गेली.

दिराला पुन्हा समजावायला जावं तर वेळ जाईल. आपलं चुकलं असेल तर अख्ख्या गावाचं पाणी वाया जाईल. आणि चुकलं नसेल तर? ती शाळेकडं धावली.

"बाई, मुलांना टेकडीवर न्या. आत्ता."

"झालंय काय?"

"अजून काही झालेलं नाही. म्हणूनच सांगतेय."

बाईंनी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि दुसरा प्रश्न न विचारता घंटा वाजवली.

तिथून ती लोहाराकडं. "अध्यक्षांचं कुलूप तोडायचंय."

"काकू, माझ्या अंगाशी येईल हे."

"माझं नाव सांग. चल."

कुलूप तिसऱ्या घावाला तुटलं. दोघांनी मिळून दाराचं चाक फिरवलं आणि पाणी धो धो करत पाटात घुसलं. तो आवाज ऐकून माणसं धावत आली. सगळ्यांच्या पुढं दीर होता, संतापानं लालबुंद.

"वहिनी, वेड लागलंय का तुम्हाला?"

ती वळली आणि बुंध्याकडं चालू लागली. तो तणतणत मागून आला, बसलेल्या जागेवर त्याचा पाय पडला आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. खालून पाणी खळखळल्याचा आवाज आला. दोघांनीही तो ऐकला.

"माती आणा रे!" तो ओरडला.

"माती नको!" तिनं त्याला अडवलं. "पायथ्याला वाळू आणि खडी टाका. पाणी बाहेर येऊ द्या, माती तेवढी अडली पाहिजे."

तीन दिवस दार उघडं होतं. टेकडीवरून मुलांना कुणी खाली येऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बांधाचा माथा दोन गाड्या मावतील एवढा खचला. पाणी तोवर त्याच्याही खाली उतरलं होतं. धुरळा उडाला, एवढंच.

तरी बैठकीत कुरकुर झालीच, एवढं पाणी गेलं म्हणून. दीर उभा राहिला. "बुंधे काढायचं काम माझं होतं. मी टाळलं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मीही बोलले नाही."

त्या उन्हाळ्यात निम्मी शेतं पडीक राहिली. दोन विहिरी फक्त पिण्यासाठी राखल्या, आणि घरटी पाणी तीच वाटून देई. कुणी कुरकुरलं तरी एक घागरही जास्त मिळत नसे.

मग घरटी एकेक माणूस बांधाच्या कामाला आला. वीतभर माती टाकायची, धुमसानं ठोकायची, मग पुढचा थर. पाटकरीण दिवसभर उन्हात उभी राहून प्रत्येक थर पायानं दाबून बघायची. टाच रुतली की तिच्या अंगावर अजूनही काटा यायचा.

"काकू, बांध बांधतोय की किल्ला?" लोहारानं घाम पुसत विचारलं. सगळे हसले.

ती हसली नाही. "इथं अजून ठोक," ती म्हणाली.