कोरडवाहू वेखंड

अ‍ॅडव्होकेट रविकांत दाणी यांची अमरावतीच्या कोर्टात दिवाणी दावे लढवण्यात हयात गेली, आणि त्यातून त्यांच्या हाती एकच पक्कं तत्त्व लागलं: भिंतीपलीकडचा माणूस निर्दोष असेलही, पण तसं गृहीत धरू नये. त्यामुळे शेजारच्या चतुराबाईंनी सामाईक भिंतीवर मिरच्या वाळत घातल्या तरी ते आधी भिंतीकडे बघत आणि मग मिरच्यांकडे. चतुराबाई मोर्शीकडच्या. संत्र्याचा बगीचा मोठ्या मुलाच्या हवाली करून त्या धाकट्याच्या घरी राहायला आल्या होत्या. आल्यापासून त्यांनी रविकांतरावांना एकदाही कायदेशीर सल्ला विचारला नव्हता. हेही त्यांना संशयास्पद वाटत असे.

भिंतीच्या अलीकडे रविकांतरावांच्या पत्नी कुंदाताईंचा आयरिसच्या फुलांचा वाफा होता. कुंदाताईंचं माहेर अकोल्याच्या जुन्या शहरातलं. पण भाऊ पुष्कर नोकरीनिमित्त देहरादूनला गेला तो तिकडचाच झाला. तो वारला आणि त्याचा बंगला विकायला निघाला, तेव्हा भांडी, पंखे आणि शिवणयंत्र यांवर नातेवाइकांत बराच खल झाला. कुंदाताईंनी पुष्करनं फाटकापाशी लावलेल्या आयरिसचे चार कंद उपटून पिशवीत घातले. त्यावर कोणी हक्क सांगितला नाही. ज्यावर कोणी हक्क सांगत नाही त्यात काहीतरी खोट असणार, हे रविकांतरावांनी तेव्हाच ओळखलं.

खोट होती. आयरिस हे थंडीतलं झाड. त्याचा कंद दिसतो आल्यासारखा, पण आल्यासारखा पुरलेला त्याला चालत नाही. डोहात बसलेल्या म्हशीची पाठ जेवढी वर दिसते, तेवढी त्याची पाठ उन्हाला उघडी ठेवावी लागते. आपली काळी माती त्याला सोसत नाही. पाणी धरते आणि कंद सडतो. म्हणून कुंदाताईंनी मुरूम आणि वाळू घालून उंच वाफा केला. थंडी कमी पडू नये म्हणून डिसेंबर-जानेवारीत त्या रोज सकाळी फ्रीजमधला बर्फ कंदांच्या बुडाशी ठेवत. बर्फाचे ट्रे रोज रिकामे दिसतात म्हणजे घरात कोणीतरी गुपचूप पितं, असा रविकांतरावांचा समज झाला. घरात दोघंच राहत असल्यामुळे तपास लांबला नाही.

तिसऱ्या फेब्रुवारीत एक दांडा वर आला. फिकट जांभळ्या तीन पाकळ्या उभ्या, तीन खाली झुकलेल्या, आणि झुकलेल्यांवर केशरी लव, दाढी फुटावी तशी. कुंदाताई त्याच्यासमोर खालीच बसल्या.

"दादाच्या दारात हाच होता," एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवशी वरणाला फोडणी द्यायची राहिली. पुष्करचा एक फोटो सोडला तर या घरात त्याचं एवढंच काही होतं.

फुलं होऊन गेली की दाटी झालेले कंद सोडवून वेगळे करावे लागतात. कुंदाताईंनी ते केले, कापलेल्या जागा सुकाव्यात म्हणून वर्तमानपत्रावर भिंतीलगत मांडले आणि जेवायला गेल्या. परत आल्या तेव्हा आठाचे सहा झाले होते.

"मांजर असेल," कुंदाताई म्हणाल्या.

"मांजर आलं खात नाही."

"हे आलं नाहीये."

"ते मांजराला काय ठाऊक," रविकांतराव म्हणाले आणि भिंतीकडे बघू लागले.

थोड्या दिवसांनी चतुराबाईंच्या जिन्यावर, रंगाच्या जुन्या डब्यात, तलवारीसारखी पानं दिसू लागली. रविकांतरावांनी भिंतीवर कोपरं टेकून उलटतपासणी सुरू केली.

"काकू, हे काय लावलं?"

"वेखंड."

"वेखंड?"

"लेकरायच्या पोटाले लागते. नातू येते न सुट्टीत."

"वेखंडाला तर चिखल लागतो. पाणथळ जागा. तुमचा डबा दिवसभर उन्हात."

"हे कोरडवाहू आहे."

"कोरडवाहू वेखंड मी तरी कधी ऐकलं नाही."

"तुमी राहता कोर्टात, वकीलसाहेब. तुमाले कोन सांगन?"

"आणलं कुठून?"

"मोर्शीवून."

"मोर्शीत कोणाकडून?"

"आता वेखंडाचा सातबारा दाखवू का तुमाले?"

मागून आणलेलं झाड लागत नाही, चोरून आणलेलंच लागतं, अशी इकडे समजूत आहे. मनी प्लँट अख्ख्या कॉलनीत याच मार्गानं पसरला होता, रविकांतरावांच्या व्हरांड्यातलाही. पण स्वतःच्या व्हरांड्याचा विचार ते वेगळ्या कलमाखाली करत.

"असू द्या हो," कुंदाताई म्हणाल्या. "सहा आहेत ना."

"आज सहा आहेत," रविकांतराव म्हणाले.

जूनमध्ये कुंदाताई पुतणीच्या, निधीच्या बाळंतपणासाठी अकोल्याला गेल्या. रविकांतरावांनी वाफ्याची पाहणी केली. सहाही कंद पाठ उघडी टाकून पडलेले. नुसतं हात घालायचा आणि उचलायचा. मालच असा उघड्यावर ठेवला तर चोराला दोष देऊनही निकाल आपल्या बाजूनं लागत नाही. त्यांनी घमेलंभर काळी माती आणली, कंद दिसेनासे होईपर्यंत घातली, पायानं दाबली आणि वरून विटा मांडल्या. मग पाऊस लागला. तो चांगला झाला, असं वर्तमानपत्रं लिहीत होती.

कुंदाताई परतल्या तेव्हा पिवळी पडलेली पानं हात लावताच सुटून आली. त्यांनी विटा काढल्या, माती उकरली. कंद सापडले, पण बोटांत धरताच फुटले. कुजक्या बटाट्यासारखा वास अंगणात सुटला.

"माती कोणी घातली?"

"सुरक्षेसाठी," रविकांतराव म्हणाले.

कुंदाताईंनी नळाखाली बराच वेळ हात धुतले. "चोरानं दोन नेले," त्या म्हणाल्या. "तुम्ही सहा."

त्यानंतर घरात गॅस, दूध आणि विजेचं बिल एवढ्याच विषयांवर बोलणं होई.

पुढच्या फेब्रुवारीत एका सकाळी चतुराबाईंच्या जिन्यावर जांभळं फूल उमललं, केशरी दाढीसकट.

"कुंदा, बाहेर ये," रविकांतरावांनी हाक मारली. "पुरावा बघ."

कुंदाताई आल्या. त्यांनी भिंत धरली. "जिवंत आहे," त्या म्हणाल्या.

"चोरी सिद्ध झाली."

"मला एक कंद पाहिजे."

"आता आधी कबुलीजबाब—"

"कबुली तुम्ही ठेवून घ्या. मला कंद आणून द्या. तुम्ही मारले, तुम्हीच आणा."

रविकांतराव वळसा घालून पलीकडे गेले, तेव्हा चतुराबाई आपल्या व्हरांड्यात तूर पाखडत होत्या.

"काकू, तुमच्या वेखंडाला फूल आलं."

"आलं न."

"जांभळं."

"यंदा थंडी चांगली पडली."

रविकांतरावांच्या मोबाइलमध्ये खऱ्या वेखंडाच्या फुलाचा फोटो होता: हिरवट, करंगळीएवढं कणीस. तो समोर धरला की दावा जिंकला. पण हरलेली बाजू आधी मुद्देमाल नाहीसा करते, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं होतं. आणि भिंतीपलीकडे कुंदाताई उभ्या होत्या. त्या दिसत नव्हत्या, पण त्यांची बांगडी दोनदा वाजली.

"मला थोडं वेखंड पाहिजे होतं," ते म्हणाले.

सूप थांबलं. "कोनतं वेखंड?"

"कोरडवाहू."

"कायले?"

"पोट दुखतं."

"कोनाचं?"

"माझं."

"कवापासून?"

"जूनपासून."

चतुराबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "मंग घरी कायले नेता? बसा. इथंच उगाळून देतो."

त्यांनी खुरप्यानं डब्यातला एक कंद सोडवला, माती झटकली आणि सहाण समोर ओढली. कंद सहाणेवर ठेवला. आयरिसचा कंद पोटात गेला तर तोंडापासून आतड्यापर्यंत आग होते, हे रविकांतरावांनी वाचलं होतं. चतुराबाईंनी वाचलं नव्हतं. पण उचललेल्या मालाची चव त्यांनाही ठाऊक नव्हती. बाईंनी उगाळलं तर प्यावं लागणार. नाही उगाळलं तर तोच कबुलीजबाब. दोघांपैकी कोणाचाच हात हलला नाही.

"उगाळा," रविकांतराव म्हणाले.

"ओलं नाही चालत," चतुराबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. आल्या त्या एक करडी, वाळून गाठीगाठीची झालेली कांडी घेऊन. ती सहाणेला लागताच तिचा उग्र वास व्हरांडाभर झाला. हा वास बाळंतिणीच्या खोलीत गेलेल्या कोणालाही ओळखू येतो. हे खरं वेखंड होतं. म्हणजे डब्यातलं वेखंड नव्हतंच. खटल्यातला सगळ्यांत भक्कम पुरावा चतुराबाईंनी मधात कालवला आणि चमचा पुढे केला.

रविकांतरावांनी तो गिळला.

"कसं वाटते?"

"बरं वाटतं."

"मंग हे ओलं घरी न्या. वाळलं की कामी येईन."

घरी कुंदाताईंनी कंद हातात घेतला, उलटा करून मुळं बघितली. पांढरी होती.

"काय म्हणाल्या?"

"वेखंड आहे म्हणाल्या."

"मग तुम्ही?"

"घेतलं," रविकांतराव म्हणाले. जीभ अजून जड होती.

कुंदाताईंनी वाफ्यातली काळी माती खरवडून काढली, नवा मुरूम पसरला आणि पाठ वर ठेवून कंद बसवला. मग आतून प्लास्टिकची खुर्ची आणून त्या शेजारी बसल्या. राखण करायची तर करू दे, असं रविकांतरावांना वाटलं. उशिरा का होईना, शेजाऱ्यांविषयी त्यांचं म्हणणं तिला पटलं होतं. ते चहा टाकायला आत गेले आणि खिडकीतून बघितलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की खुर्चीची पाठ भिंतीकडे होती आणि कुंदाताई घराच्या दारावर नजर ठेवून बसल्या होत्या.