उसवायची टोपली

"नाना, हा कोट आज द्यायचा होता हो!"

ताई दारातच थबकली. नाना खिडकीपाशी बसले होते. मांडीवर शाळेच्या मोठ्या बाईंचा कोट, आणि शेजारी दोन्ही बाह्या नीट घडी घालून ठेवलेल्या.

"खांद्यात चुकलाय," नाना शांतपणे म्हणाले. "गिऱ्हाईक परत येईल."

गिऱ्हाईक अर्ध्या तासात येणारच होतं.

ज्या हातांनी पन्नास वर्षं अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले, ते हात दोन वर्षांपासून नुसते उसवत होते. नानांची आठवण झिजत चालली होती. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग रस्ते, मग ताईसकट पोटची मुलं. उसवणं तेवढं उरलं. ताईने ब्लेड लपवलं तर नानांनी नखं लावली, नखं कापली तर दात लावले. एवढी चिकाटी त्यांनी शिवतानाही दाखवली नव्हती.

"ताई, एक काहीतरी ठरव," धाकटा भाऊ फोनवर म्हणाला. "दुकान बंद कर, नाहीतर नानांना वृद्धांच्या संस्थेत ठेवू. महिनाअखेरीस येतोच मी."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. ते गेलं तर खायचं काय, आणि नाना गेले तर रांधायचं कुणासाठी, हे त्या शहाण्याला कोण सांगणार!

डॉक्टरांनी मागे एक कागद दिला होता. विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या घरच्यांसाठी बैठक असते म्हणे. ताईने शोधला, तेव्हा आठवलं की तिने त्याचा कॉलरचा नमुना कापला होता. नशीब, एका टोकावर 'गुरुवार' शिल्लक होता आणि दुसऱ्यावर फोन नंबर.

"वडिलांनाही घेऊन या," फोनवर दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या. "शेजारच्या खोलीत आमची माणसं बसतात त्यांच्यापाशी."

दवाखान्यामागच्या खोलीत आठ खुर्च्या होत्या. एक निवृत्त ड्रायव्हर सांगत होते, "बायको रोज विचारते, तुम्ही कोण? मी म्हणतो, भाडेकरू. तेव्हापासून गरम जेवायला वाढते!" सगळे हसले. ताईही हसली, आणि हसता हसता तिला रडूच फुटलं. कुणी नवल केलं नाही. पाण्याचा पेला मात्र पुढे आला.

"दिवसभर काय करतात तुमचे वडील?" सिस्टरनी विचारलं.

"उसवतात."

"नीट उसवतात?"

ताईने डोळे पुसले. "कापडाचं एक सूत तुटत नाही."

"मग उसवायचंच काम द्या की त्यांना!"

ताईने दारावर पाटी लावली: जुने कपडे ढिले करून मिळतील. अर्धी गल्ली जाड झाली होती, फक्त लाजेने बोलत नव्हती. शिवून झालेले कपडे ताई कपाटात कुलपात ठेवू लागली, आणि नानांपुढे उसवायची टोपली आली. हातात बोथट टोकाची छोटी कातर. नाना सकाळी आंघोळ करून स्वतःहून खिडकीपाशी बसू लागले. एखाद्या दिवशी कातर भिरकावलीही. पण बरे दिवस जास्त.

महिनाअखेरीस भाऊ आला. बॅग खाली ठेवून म्हणाला, "हं, काय ठरलं?"

नानांनी चष्म्यावरून त्याच्या कमरेकडे बघितलं. "पँट दाटतेय तुम्हाला. काढून द्या."

"अहो नाना, मी..."

"दे रे," ताई म्हणाली. "गिऱ्हाइकाने वाद घालायचा नसतो."

तो चादर गुंडाळून स्टुलावर बसला. नानांनी पँट उलटी केली, मागची शिवण उघडली आणि अंगठा फिरवला.

"शिवणाऱ्याने आत दोन बोटं कापड जास्त सोडलंय," ते म्हणाले. "पोरगा पुढे अंगाने सुटेल, हे ओळखलं असणार."

ती पँट नानांनीच शिवली होती, भावाच्या पहिल्या नोकरीच्या वेळी. ताईने मशीनवरून वर बघितलं नाही.

नाना कातरीने एकेक टाका उसवू लागले.

"ताई," भाऊ म्हणाला, "गुरुवारी त्या बैठकीला मीही येऊ का?"

"पँट झाली तर ये," ताई म्हणाली.

नानांनी उसवलेले धागे एकेक करून गोळा केले आणि मूठ त्याच्यापुढे केली. "धरा. सांडू नका."

त्याने चादर सावरत दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.