वेंकोजीरावांचा धप्प

वेंकोजीरावांच्या लाउडस्पीकरचा धप्प ज्यानं ऐकला नाही, त्यानं म्हैसूर पाहिलं असं म्हणू नये. मराठा मंडळींच्या सभागृहात त्यांनी बटण दाबलं की असा बार व्हायचा, की बोगादीतली कुत्री भुंकायचं विसरायची. टी. नरसीपूरच्या संगमावर बुडी मारलेला एक आचारी त्या धक्क्यानं तसाच पाण्याखालून गेला आणि पलीकडच्या काठाला निघाला. बैलकुप्प्याच्या मठात ध्यानाला बसलेल्या एका भिक्षूनं एक डोळा उघडला म्हणतात. दुसरा मात्र मिटलेलाच ठेवला, एवढी त्याची साधना. यातलं अर्धं खोटं धरा. उरलेलं अर्धं खुद्द वेंकोजीरावांनीच सांगितलेलं, तेव्हा तेही सोडून द्या. पण धप्प खरा होता, आणि तो सुरू झाला गोदावरीबाई गेल्यापासून.

तोवर नवरा-बायको मिळून लग्नामुंजींना आवाज पुरवायचे. वेंकोजीराव सभागृहाच्या मागच्या टोकाला मिक्सर घेऊन बसत. चटणीचा नव्हे, आवाजाचा. गोदावरीबाई स्टेजच्या पडद्याआड अँप्लिफायरपाशी. सुरू करताना आधी मिक्सर, मग अँप्लिफायर. बंद करताना आधी अँप्लिफायर, मग मिक्सर. कारण मिक्सर जागा होताना आणि निजताना एकदा खाकरतो. त्या वेळी अँप्लिफायर जागा असला, तर त्या खाकरण्याची तोफ करून स्पीकरच्या तोंडातून डागतो. म्हणून वेंकोजीराव हात वर करत, गोदावरीबाई पडद्याच्या फटीतून बघत, बटण दाबत आणि ओरडत, "केलं!" मध्येच करंट गेला तर सांगावंही लागत नसे. करंट परत आला की सगळंच एकदम जागं होणार, म्हणून बाई आधीच अँप्लिफायर बंद करून मोकळ्या.

त्या गेल्यावर मंडळींनी मदतीचं विचारलं, तर वेंकोजीरावांनी ठोकून दिलं, "ते मशीन परक्या हाताला शॉक देतं. मागं एका इंजिनियरानं हात लावला, तर घड्याळ इथं राहिलं आणि माणूस चामुंडीच्या पायऱ्यांवर सापडला." लोक हसले आणि लांब राहिले. वेंकोजीरावांना तेच हवं होतं. पडद्याआडची ती जागा त्यांना कुणाला द्यायची नव्हती. त्यांनी अँप्लिफायरचं बटण कायमचं चालू ठेवलं आणि हाताजवळच्या एकाच बटणावर सगळं एकदम सुरू करू लागले. धप्प!

घरी आता त्यांच्याशी भांडायलाही कुणी उरलं नव्हतं. "काय वेंकोजीराव, जेवला का?" असं विचारणारी माणसं भेटत ती या सभागृहातच. म्हणून चिटणीस गुंडेराव तोंड पाडून आले, तेव्हा वेंकोजीरावांनी आधी त्यांच्यासाठी खुर्ची पुढं केली.

"रविवारी माझ्या नातीचं बारसं," गुंडेराव म्हणाले. "पाळणा स्टेजवर, स्पीकरच्या बगलेत. तुमचा धप्प झाला ना, तर पोरगी नाव ठेवायच्या आधीच पळून जाईल."

"अय्यो, तान्हं पोर कुठं पळतंय?"

"थट्टा पुरे. धप्प झाला, तर पुढल्या कार्यापासून तो साउंडवाला हयग्रीव. नवं सामान आहे त्याच्याकडे. सुम्ने, नुसतं बोट लावलं की चालू."

"सामान असेल हो, पण त्याला गोष्टी कुठं सांगता येतात?"

"नाही येत. म्हणूनच तो सगळ्यांना आवडतो."

रविवारी वेंकोजीरावांनी पडद्याआड हात घालून अँप्लिफायरचं बटण आधीच बंद करून ठेवलं होतं. आता त्यांनी मिक्सर लावला, मग कुरकुरत्या गुडघ्यांनी सगळं सभागृह ओलांडून स्टेजपाशी गेले. पडद्यामागं बघायचा धीर त्यांना वर्षभरात झाला नव्हता. नुसता हात आत घालून त्यांनी अँप्लिफायरचं बटण दाबलं. बारीक गुणगुण झाली, बस्स. गुंडेरावांनी लांबून मान डोलावली.

बायकांनी पाळणा म्हणायला घेतला आणि दुसऱ्या कडव्याला करंट गेला. पंखे थांबले. वेंकोजीराव ताडकन उठले. मधल्या वाटेत पाहुणे, पोरं, पेढ्यांची ताटं. स्टेजपर्यंत पोचायचं म्हणजे कावेरी उलटी पोहण्यासारखं. करंट कुठल्याही क्षणी येणार, आणि पोर स्पीकरच्या तोंडाशी. घाईत त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"गोदे, अँप!"

गुंडेरावांनी मान खाली घातली. पाळण्याची दोरी धरलेली आत्या तशीच उभी राहिली. आपण काय ओरडलो ते वेंकोजीरावांनाही आताच ऐकू आलं.

पडद्यामागून आवाज आला, "केलं!"

आता कुणी म्हणेल, भूत. क्षणभर वेंकोजीरावांनाही तेच हवं होतं. तेवढ्यात पंखे फिरू लागले, मिक्सरवर दिवा लागला, आणि धप्प झाला नाही. ते माणसांना ढकलत पुढं गेले आणि त्यांनी पडदा बाजूला केला.

आत गोदावरीबाईंच्या स्टुलाशेजारी खाली बसून, त्यांची मैत्रीण शकुंतलाबाई सुपारी कातरत होत्या.

"तुम्ही इथं?"

"मी इथंच असते, भावोजी. गोदा होती तेव्हाही इथंच बसायची. ती गेली म्हणून मी कुठं जाऊन बसू? बाहेर सगळ्या बायका सुनांची गाऱ्हाणी काढतात. मला सून नाही."

वेंकोजीरावांनी अँप्लिफायरकडे बोट केलं. "शॉक नाही बसला?"

"बसला की. तुम्ही ओरडलात तेव्हा."

"म्हणजे वर्षभर माझे धप्प…"

"कानावर पदर धरून सोसले."

"मग बटण का नाही हो दाबलंत?"

"तुम्ही सांगितलंत कुठं? तुम्ही इंजिनियराला चामुंडीवर पाठवत होतात." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "जा आता मिक्सरपाशी. आणि हात नीट वर करा. मला लांबचं कमी दिसतं."

बाहेर गुंडेराव ओरडत होते, "आवाज सोडा हो! मुहूर्त चाललाय!"

वेंकोजीराव परत निघाले. लोकांनी वाट दिली, पण शाबास कुणी म्हणालं नाही. न झालेल्या आवाजाला कोण दाद देतो? गोदावरीबाईंनाही कधी कुणी दिली नव्हती. वेंकोजीरावांनीसुद्धा नाही.

मिक्सरपाशी बसल्यावर हात वर करायला त्यांना वेळ लागला. समोर पडद्याची फट रुंद झाली, मग आणखी रुंद. शेवटी हात वर गेला.

"केलं!" आवाज जाडा होता, गोदावरीबाईंसारखा मुळीच नव्हता.

बायकांनी पाळणा पहिल्यापासून धरला. आवाज अगदी स्वच्छ येत होता. फिरवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी वेंकोजीराव मान खाली घालून मिक्सरची बटणं फिरवत राहिले.