तेरा पॉइंट दोन

उन्मेष सरांनी अक्षदाच्या जर्नलमधल्या ७.४ वर लाल रेघ मारली आणि शेजारी १३.२ लिहिलं. खाली तिने निष्कर्ष लिहिला होता, 'तीव्र रक्तक्षय'. तोही खोडून सरांनी 'नॉर्मल' केलं.

"मी इथे शिकत होतो तेव्हापासून कौसाबाईंचं हिमोग्लोबिन तेरा पॉइंट दोन आहे," ते म्हणाले. "नळी नीट धुवा, रिपीट करा. मग सही."

अक्षदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायोमेडिकलच्या एम.एस्सी.चं तिचं पहिलंच वर्ष, आणि जर्नलवर सही नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसू देत नाहीत. पण तिने नळी तीनदा धुतली होती.

रक्ताच्या प्रॅक्टिकलची विभागात एक रीतच पडून गेली होती. उद्याचे हे शास्त्रज्ञ स्वतःच्या बोटात सुई टोचायची म्हटलं की दोन पावलं मागे सरत. मग प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या कौसाबाई पदराला हात पुसून बोट पुढे करत. बदलापूरच्या पलीकडच्या गावातून येणारी ही पन्नाशीची बाई दरवर्षी प्रत्येक बॅचला आपलं रक्त देई आणि आकडा मात्र प्रत्येक बॅच सीनियरच्या जर्नलमधून उतरवून घेई. अक्षदाच्या बॅचमधल्या धर्मेशने तर तो प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता.

"लिख ना तेरा पॉइंट दोन," तो म्हणाला. "सबका वही है. कशाला लफडा करतेस?"

अक्षदाने लफडा केला. पुन्हा रक्त घेतलं, ७.३ आलं. नळीतल्या रक्ताचा रंग नमुन्याशी जुळवायला नजर लागते, असं सर म्हणाले. ती विभागप्रमुखांकडे गेली. त्यांनी शिक्षकांशी वाद घालू नये एवढंच सांगितलं. कँटीनमध्ये तिने तो आकडा चारचौघांना ऐकवला. अंबरनाथला घरी बाबांना ऐकवला, तर ऑर्डनन्स फॅक्टरीत तीस वर्षं काढलेले बाबा म्हणाले, साहेब म्हणतात ते लिही आणि मोकळी हो. त्या रात्री ती जेवलीसुद्धा नाही. खोटं लिहिणारे सगळे पास आणि खरं मोजणारी तेवढी चूक, हे तिला काही केल्या गिळवेना.

चौथ्या दिवशी तिने कौसाबाईंना शेअर रिक्षात घातलं आणि कॅम्प तीनमधल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नेलं. माझ्या सहीसाठी हवंय, एवढंच त्यांना सांगितलं. त्यांनीही जास्त विचारलं नाही, नेहमीसारखा हात पुढे केला.

रिपोर्टवर ७.१ होतं. अक्षदाने तो जर्नलच्या त्याच पानावर चिकटवला आणि जर्नल सरांच्या टेबलावर उघडं ठेवलं. सरांनी रिपोर्ट वाचला. मग त्यांनी आपलं १३.२ खोडलं आणि सही केली, अर्धी रिपोर्टवर, अर्धी पानावर. चिकटवलेला कागद मागाहून कोणी बदलू नये म्हणून तशीच करतात. चुकलं, असं काही ते म्हणाले नाहीत.

जर्नल छातीशी धरून अक्षदा जिना उतरू लागली. मधल्या पायरीवर कौसाबाई बसल्या होत्या. शेजारी धुतलेल्या बाटल्यांची टोपली होती. त्यांचा श्वास लागला होता. रोज त्या इथेच बसत आणि रोज सगळे त्यांना वळसा घालून जात.

"तुझा काम झाला ना, बाय?" त्यांनी विचारलं.

"झालं, मावशी."

"बरा झाला. तू जा म्होरं. मी येतंय हलूहलू. वय झाला आता, दुसरा काय."

अक्षदाने त्यांच्याकडे पाहिलं. ओठ पांढरे, नखं पांढरी. चार दिवस तो आकडा घेऊन ती साऱ्या कॉलेजशी भांडली होती. ज्यांचा होता त्यांना तो तिने सांगितलाच नव्हता. तिला स्वतःची एवढी चीड आली की डोळे भरून आले.

ती त्यांच्या शेजारी बसली, जर्नल मांडीवर उघडलं आणि रिपोर्ट नखाने सोडवू लागली. गोंद पक्का वाळला होता.

"अगो, फाटल तो," कौसाबाई म्हणाल्या.

"फाटू दे," ती म्हणाली आणि कागद ओढला. सहीचे दोन तुकडे झाले. "चला मावशी, आधी डॉक्टरकडे."