उलट्या इस्त्रीवरची काच

“चिठ्ठ्या लाव गं बाई, बाटलीला, वाटीला, ज्यात काही ओतशील त्याला,” असं बाटलीकाकांनी चहा पिता पिता सांगितलं आणि तिनं ते हसण्यावारी नेलं.

बाटलीकाका म्हणजे ती लग्नाआधी ज्या तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती, तिथले प्रमुख. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात. माणूस असा, की स्वतःच्या पाण्याच्या बाटलीवरसुद्धा ‘पाणी’ असं लिहून खाली तारीख टाकायचा. निवृत्त झाल्यावर एकदा मुद्दाम तिची चित्रं बघायला आले होते.

चित्रं म्हणजे रंग-ब्रशची नव्हेत. स्वयंपाकघराला लागून कपडे वाळत घालायची बंदिस्त गॅलरी होती, तिथे काळा पडदा लावून तिनं एक जुना सूक्ष्मदर्शक मांडला होता. पाण्यात एखादी पावडर विरघळवायची, त्याचा थेंब काचपट्टीवर टाकायचा, मंद आचेवर सुकवायचा. पाणी उडून गेलं की मागे स्फटिक वाढतात. थेंबाच्या खाली एक आणि वर एक, अशा दोन काळसर चकत्या ती बसवायची. बंद पडलेल्या मोबाइलच्या पडद्यातून सोलून काढलेल्या. त्या दोन्ही एकमेकींना आडव्या फिरवल्या की भिंगात मिट्ट काळोख. पाणी, धूळ, काच, काही म्हणता काही दिसत नाही. पण स्फटिक असेल तर तो मात्र त्या काळोखात पेटतो. निळा, केशरी, मोरपंखी. तेवढंच ती टिपायची, मोठं करायची आणि चौकटीत बसवायची. सासूबाई त्याला ‘सुनेची काचांची भानगड’ म्हणायच्या.

“काका, मला यांची तोंडं पाठ आहेत,” ती म्हणाली होती. “लिंबूसत्व आधी पाकासारखं चिकट होऊन बसतं, कितीतरी वेळ काळंच दिसतं, मग पंखा उघडतं. ऑक्झॅलिकच्या सुया येतात, त्याही झटकन. थेंब दाखवा, नाव सांगते.”

“तुला सांगता येईल. पण वाटी तुझ्याआधी दुसऱ्याच्या हाती लागली तर?”

दुसरं म्हणजे कोण, तर भुंगी. तिची लेक, दोन वर्षांची. तिचा हात टेबलापर्यंत पोचत नाही, असं तिनं हसत सांगितलं. त्या दिवशी खरंच पोचत नव्हता.

पाच महिन्यांनंतरची, एका शुक्रवारच्या सकाळची गोष्ट. एका वाचनालयाच्या जिन्यासाठी तिनं बारा चित्रं द्यायचं कबूल केलं होतं, त्यातलं शेवटचं राहिलं होतं. लिंबूसत्वाचा पंखा आणि त्यात घुसलेल्या ऑक्झॅलिकच्या सुया, असं काहीतरी तिच्या मनात होतं. लिंबूसत्व निरुपद्रवी, पोटात गेलं तरी फार तर दात आंबतील. ऑक्झॅलिक मात्र लोखंडाचा गंज काढायला वापरतात. थोडंसं पोटात गेलं तरी आतडी भाजतं आणि थेट मूत्रपिंडावर जातं. दोन्ही पावडरी पांढऱ्या, पाण्यात घातल्या की दोन्ही पाण्यासारख्याच. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. तरी तिनं ती दोन पाणी एकाच संचातल्या दोन काचेच्या वाट्यांत केली, डावीकडे एक, उजवीकडे एक. डावं-उजवं लक्षात ठेवलं की झालं.

तेवढ्यात चौकटीवाला आला. एका चौकटीची काच ओरखडलेली निघाली, त्यावरून दारात बोलाचाली झाली. चौकटी ठेवायला टेबल मोकळं करावं म्हणून तिनं दोन हातांत दोन वाट्या उचलल्या आणि भिंतीकडच्या बुटक्या स्टुलावर ठेवल्या. मग पुन्हा दारात गेली. चार मिनिटं, फार तर पाच.

भुंगीला भुंगी म्हणायचं कारण ती दिवसभर गुणगुणायची. जेवताना, खेळताना, रागावून कोपऱ्यात बसली तरी. दारात उभ्या उभ्या तिच्या लक्षात आलं, की घर गप्प आहे. चौकटीवाला काहीतरी सांगत होता. ती त्याला तसंच तोडून आत धावली.

भुंगी स्टुलाशेजारी फतकल मारून बसली होती. एक वाटी जमिनीवर आडवी, रिकामी. दुसरी स्टुलावर, भरलेली. स्टूल पोरीनं आपल्याकडे ओढून पुरतं फिरवलं होतं, त्यामुळे डावं कुठलं नि उजवं कुठलं, सगळंच गेलं. फ्रॉकचा पुढचा भाग भिजलेला, हनुवटी ओली.

“आंबट,” भुंगी म्हणाली आणि तोंड वेडंवाकडं केलं.

आंबट दोन्ही होती.

फ्रॉकवर किती सांडलं, फरशीवर किती, पोटात किती, हे ती नजरेनं मोजायला लागली आणि मग तिला स्वतःचीच चीड आली. पोरीचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत तिनं दुसऱ्या हातानं मुलांच्या इस्पितळात फोन लावला. अपघात विभागातल्या डॉक्टरनं तिचं सगळं ऐकून घेतलं. उलटी काढू नका, घरी काही पाजू नका, ताबडतोब घेऊन या, तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, दोनपैकी कुठलं ते कळायला काही मार्ग आहे का. कारण ते ऑक्झॅलिक असेल तर लगेच सुरू करायचं औषध वेगळं आहे, आणि नसेल तर एवढ्याशा जिवाला ते उगाच देणं धोक्याचं. इस्पितळात हे ओळखायची सोय नाही, नमुना बाहेर पाठवला तर दुपार उजाडेल.

“मला पंधरा मिनिटं लागतील,” ती म्हणाली. ते शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं, की आपण काय म्हणालो.

सासूबाई पूजेवरून उठून आल्या होत्या, हातात अजून ओली फुलं. शेजारच्या क्लचताईंना तिनं हाक मारली. क्लचताई गाडी शिकवायच्या. दिवसभर शिकाऊ माणसांच्या अंगावर ‘क्लच, क्लच’ ओरडून त्यांचा आवाज फाटला होता, पण रस्ते त्यांना तळहातासारखे माहीत होते. दोन मिनिटांत गाडी खाली उभी. सासूबाईंनी भुंगीला खांद्यावर घेतलं, चप्पल पायात सरकवली आणि वळून पाहिलं.

“चल ना. उभी काय राहिलीस?”

“आई, तुम्ही जा. मी इथे थांबते.”

सासूबाईंना आधी ते समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

“पोरगी विष पिऊन बसलीय आणि तू काचा बघत बसणार?”

तिनं दार उघडून धरलं. उत्तर द्यायला लागली असती तर रडली असती, आणि रडली असती तर भिंगात काही दिसलं नसतं. भुंगी आजीच्या खांद्यावरून तिच्याकडे हात पसरून ‘आई, आई’ करत जिना उतरली. खाली गाडीचं दार आपटलं.

आता घरात ती आणि दोन वाट्या.

तिनं इस्त्री उलटी करून दोन पुस्तकांच्या मध्ये उभी केली. थेंब सुकवायची तिची हीच शेगडी होती, खटका अगदी कमीवर ठेवून. आज तिनं तो पुढे सरकवला, लवकर व्हावं म्हणून. रिकाम्या वाटीच्या तळातलं उरलंसुरलं पाणी एका काचपट्टीवर टिपलं आणि पट्टी इस्त्रीवर ठेवली. थेंब चुर्र करून उसळला, कडेनं पांढरा झाला आणि पिठासारखा सुकून गेला. भिंगाखाली नुसता करडा चुरा. हे लिंबूसत्व असू शकत होतं, ऑक्झॅलिक असू शकत होतं, फरशीची धूळसुद्धा असू शकत होती. चार वर्षं ती हेच करत होती आणि आज नवशिक्यासारखी पट्टी जाळून बसली.

वाटीत आणखी एकच थेंब निघेल एवढी ओल उरली होती.

तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. पत्रा निवायला वेळ द्यायलाच हवा होता. तो वेळ घड्याळात दोन मिनिटांचा होता. तिच्या अंगावरून मात्र अख्खी दुपार सरकल्यासारखी गेली. फोन वाजला. क्लचताई. चौकात गाड्या तुंबल्यात, पण पोरगी शुद्धीवर आहे, पोट दुखतं म्हणते. पाठीमागून सासूबाईंचा आवाज, काय सापडलं का विचार तिला. अजून नाही, ती म्हणाली.

आता पत्र्यावर बोट टेकवून ठेवता येत होतं. तिनं वाटी तिरकी धरून तो शेवटचा थेंब काचपट्टीच्या एका टोकाला घेतला. दुसऱ्या टोकाला भरलेल्या वाटीतला थेंब. दोन्ही एकाच पट्टीवर, एकाच उबेवर, म्हणजे एक पेटला आणि दुसरा काळा राहिला तर संशयाला जागा नको. बटण पुन्हा चालू, खटका सगळ्यात खाली. ती वाट बघत राहिली. थेंब कडेनं आकसले, मधे लकाकले. पट्टी उचलून तिनं भिंगाखाली सरकवली, चकत्या आडव्या केल्या आणि डोळा लावला.

काळोख.

चार वर्षं या काळोखाचा तिला कंटाळा यायचा. कधी एकदा काही उमटतंय असं व्हायचं. आज ती त्याच्याकडे हात जोडल्यासारखी बघत होती. असाच राहा. चिकट राहा, पाकासारखा राहा, काही उमटू नको. पट्टी सरकवून तिनं दुसरं टोक पाहिलं. तिथेही काळोखच. म्हणजे अजून काहीच ठरलेलं नव्हतं. ती परत पहिल्या टोकावर आली. मनातल्या मनात आकडे मोजायला लागली. वीस. तीस. पन्नासापर्यंत काळंच राहिलं तर ते लिंबूसत्व, असा तिनं स्वतःशीच सौदा केला, आणि हा सौदा खोटा आहे, ओल जास्त असेल तर सुयांनाही वेळ लागतो, हेही तिला ठाऊक होतं.

एक्केचाळीस.

कडेला, अगदी कोपऱ्यात, एक निळी रेघ उमटली. केसाएवढी. तिला वाटलं, आपल्याच पापणीचा केस असेल. तिनं डोळा मिटून उघडला. रेघ लांब झाली होती. तिच्या बाजूला दुसरी, मग तिसरी, आणि बघता बघता कोपऱ्यातून सुयांचा झोत सुटला, निळा, पिवळा, गुलाबी, सगळा गोल भरून टाकत. इतक्या लखलखीत सुया तिला आजवर कधी मिळाल्या नव्हत्या. वाचनालयाच्या जिन्यासाठी हवं होतं ते चित्र, तेच तिच्यासमोर वाढत होतं.

कॅमेऱ्याकडे तिचा हात गेला नाही. तिनं पट्टी दुसऱ्या टोकाला सरकवली. भरलेली वाटी: काळोख, चिकट, शांत. पुन्हा पहिलं टोक. सुया.

डॉक्टरनं पहिल्या घंटेलाच फोन उचलला.

“ऑक्झॅलिक ॲसिड,” ती म्हणाली.

“अंदाज आहे की बघितलंय?”

“बघितलंय. दोन्ही बघितली. हे तेच आहे.”

“ठीक. त्या आत्ताच दारातून आत आल्यात,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मग ती फरशीवर बसली. इस्त्रीचं बटण बंद करायचं राहिलंय, एवढं आठवलं तेव्हा उठली.

इस्पितळात भुंगीच्या इवल्याशा हातात सुई होती आणि बाटलीतून थेंब थेंब औषध जात होतं. पोटात घोटभरही गेलं नसावं, डॉक्टर म्हणाला, पण एवढ्याशा शरीराला तेवढंही पुष्कळ. रक्तातलं कॅल्शियम घसरायला लागलेलं होतं, ते वेळेत सावरलं. मूत्रपिंडाचं तीन दिवसांनी कळेल. तोवर लंगोट वजन करून बघायचे, लघवी किती झाली ते लिहायचं. नवरा परगावच्या कामावरून संध्याकाळी पोचला. त्यानं आल्या आल्या नोंदींची वही आपल्या हातात घेतली. सासूबाई पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसून होत्या. तीन दिवस त्या सुनेशी कामापुरतं बोलल्या. डबा घे. पाणी दे. झोप जरा.

चौथ्या दिवशी सकाळी तपासणीचा कागद आला आणि डॉक्टरनं मान हलवून सुई काढली. सगळं ठीक. भुंगीनं पट्टी लावलेला हात सगळ्या वॉर्डला दाखवला.

घरी आल्यावर पोरीला निजवून ती गॅलरीत गेली, तर सासूबाई तिथे आधीच उभ्या. पट्टी सूक्ष्मदर्शकावर होती तशीच होती. चार दिवस कुणी हात लावला नव्हता.

“यातूनच कळलं का तुला?” त्यांनी विचारलं.

तिनं दिवा लावून दिला. सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून डोळा लावला.

“दिसायला काय देखणं आहे मेलं,” त्या हळूच म्हणाल्या. मग सरळ होताना त्यांचा तोल गेला, तसा त्यांनी सुनेचा दंड धरला, आणि सावरल्यावरही सोडला नाही. “त्या दिवशी तू आली असतीस, तर मला बरं वाटलं असतं. पोरीला नसतं वाटलं.”

तिनं पट्टी उचलली, कागदात गुंडाळली आणि टाकून दिली. बारावं चित्र तिनं दुसऱ्या कशाचं तरी केलं, साध्या साखरेचं.

ही हकीकत ती सहसा सांगत नाही. सांगते तेव्हा समोरचा काचेबद्दल विचारतो, सुयांच्या रंगांबद्दल विचारतो, आणि ती त्याला मधेच तोडते. तिला त्या चार मिनिटांबद्दल बोलायचं असतं, दारातल्या. इथवर वाचायला तुम्हालाही त्याहून जास्तच वेळ लागला असेल. तिचं एवढंच म्हणणं आहे, की हे आता बाजूला ठेवा. घरात एखादं लहान मूल असेल, तुमचं, भावाचं, शेजारच्यांनी तासभर तुमच्यावर सोपवलेलं, तर ते या क्षणी कुठल्या खोलीत आहे आणि त्याच्या हातात काय आहे, ते उठून बघून या. हाक मारून नको. स्वतः जाऊन बघा.