आल्याबरोबर थेंब, मग वही

तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केलेल्या माणसाला गाड्यांच्या चाकांना कुलूप लावायला बसवलं, तर तो काय करील? कुलूपच लावील, आणि मनापासून लावील. आमच्या कंडक्टरमामांचं तेच झालं. ज्या माणसाने सख्ख्या मेव्हण्याला विनातिकीट पकडून पुढच्या थांब्यावर उतरवलं होतं, त्याच्या हातात निवृत्तीनंतर देवाने चाकाचा जॅमर दिला.

जागा होती डोळ्यांच्या दवाखान्यामागची. जेमतेम बारा गाड्या मावतील एवढं आवार, मध्ये एक झाड. शेजारी बाजार असल्यामुळे सगळ्या गावाला वाटायचं, ही मोकळी जागा आपल्याच वाडवडिलांनी ठेवली आहे. लोक सकाळी गाडी लावायचे ते संध्याकाळी न्यायचे, आणि डोळे दाखवायला आलेली म्हातारी माणसं रस्त्यापलीकडून चाचपडत यायची. शेवटी डॉक्टरबाईंनी फाटकावर पाटी लावली. ही खाजगी जागा आहे. गाडी फक्त दवाखान्यात आलेल्यांनी लावावी आणि गाडीचा नंबर आत वहीत लिहावा. वहीत नंबर नसेल, तर चाकाला जॅमर आणि वर दंड.

हे काम मामांना मिळालं ते सुनेमुळे. सून दवाखान्यातच होती. नाव लिहून घेणं, डोळ्यांत थेंब घालणं, फोन उचलणं, सगळं तीच करायची. "आमचे बाबा घरी बसून भिंतीवरच्या पाली मोजतात," असं तिने बाईंना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मामा फाटकाशी खुर्चीवर.

कामाची त्यांची रीत ठरलेली. दर अर्ध्या तासाने आत जायचं, वहीतले नंबर स्वतःच्या चिठ्ठीवर उतरवायचे आणि बाहेर येऊन एकेका गाडीशी ताडून बघायचे. चारही आकडे जुळले तर गाडीला नमस्कार. एक जरी चुकला तर जॅमर. महिन्याभरात बाजारकरी मंडळी सुतासारखी सरळ झाली. अडचण झाली ती वेगळीच. मामांनी दोनदा दवाखान्यातल्याच माणसांच्या गाड्या पकडल्या. एक शिंपीदादा होते आणि एक शाळेतल्या बाई. दोघांचंही म्हणणं एकच, आम्ही वहीत लिहिलंय. वहीत पाहावं तर नंबर दुसराच.

डॉक्टरबाई तशा शांत. त्या मामांना म्हणाल्या, "मामा, लोक माझ्याकडे बरे व्हायला येतात. चाक अडकवून घ्यायला नाही. शुक्रवारी बारा वाजता कॅमेऱ्याच्या कंपनीचा माणूस येणार आहे. तोवर तिसरी तक्रार आली नाही तर त्याला परत पाठवते. आली, तर मात्र माझा इलाज नाही."

मामा घरी येऊन पानावर बसले. पण पाली मोजण्याचे दिवस परत येणार, या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना. तीस वर्षं माणसांच्या गर्दीत उभा राहिलेला माणूस तो. फाटकाशी दिवसाला पन्नास जण तरी "काय मामा" म्हणून जात. त्यातच त्यांचा जीव होता.

शुक्रवार उजाडला. मामा देवाला हात जोडून निघाले आणि अकरापर्यंत सगळं सुरळीत चाललं. अकरा वाजता झाडाखाली एक निळी गाडी दिसली. डोक्यावर 'शिकाऊ' अशी पाटी. मामांनी चिठ्ठी बघितली. वहीत तसा नंबर नव्हता. दोनदा आत जाऊन आले, तिसऱ्यांदा चष्मा पुसून पाहिलं. नव्हता. जॅमर हातात घेऊन ते दोन मिनिटं नुसतेच उभे राहिले. न लावावा, तर तीस वर्षांच्या इमानाचं काय? लावला.

पावणेबाराला गाडीचे मालक बाहेर आले. ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर होते ते.

"हे कोणाचं काम?" मास्तरांनी चाकाकडे बोट दाखवलं.

"माझं," मामा म्हणाले. "वहीत नंबर नाही तुमचा."

"मी स्वतः लिहिलाय. अहो, मी अर्ध्या गावाला नियम शिकवतो."

"मग उरलेल्या अर्ध्यात तुम्ही असाल."

"जीभ बरी आहे तुमची. चला आत, दाखवतो."

दोघं तरातरा आत गेले. मास्तरांनी वही उचलली, नाकाजवळ नेली, मग हात लांब करून धरली, मग आणखी लांब. शेवटी एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हा बघा. त्रेसष्ट सत्तेचाळीस."

मामांनी पाहिलं. बोटाखाली लिहिलं होतं अडुसष्ट एक्केचाळीस. अक्षर ओळ सोडून उताराला लागलेलं.

"मास्तर, पुन्हा वाचा."

"त्रेसष्ट सत्तेचाळीस. किती वेळा वाचू?"

तेव्हा मामांनी वहीवरची नजर काढून मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं. डोळ्यांतल्या बाहुल्या कोटाच्या बटणांएवढ्या झालेल्या.

"थेंब कधी घातले तुमच्या डोळ्यांत?"

"आल्याबरोबर. दारातच. मग बराच वेळ बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, आता वहीत लिहा."

मामांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिंपीदादा, शाळेतल्या बाई, मास्तर, तिघांनाही आधी थेंब, मग वही. थेंब घातल्यावर जवळचं अक्षर दिसतं कुठे? लिहिणारा अंदाजाने लिहितो आणि आपण त्याचं चाक धरतो.

पण उजेडाच्या पाठोपाठ एक कळही आली. थेंब घालणारी कोण? वही पुढे करणारी कोण? टेबलामागे सून उभी होती, हातात थेंबांची बाटली, तोंड एवढंसं झालेलं. तिलाही सगळं कळलं होतं.

आवाज ऐकून डॉक्टरबाई बाहेर आल्या. "तिसरी का?" त्यांनी मामांना विचारलं.

आता मंडळी, खरं कारण ओठांवर असताना ते गिळायचं, याला छाती लागते. मामा म्हणाले, "हो बाई. मीच नीट पाहिलं नाही. वय झालं. जॅमरची किल्ली खुर्चीवर ठेवतो."

"बाबा, खोटं नका बोलू," सून मधेच म्हणाली.

"तू गप्प बस गं."

"घरात बसते ना गप्प. इथे नाही बसणार." ती बाईंकडे वळली. "मॅडम, चूक माझी आहे. मी आधी थेंब घालते आणि मग लिहायला सांगते. तिन्ही वेळा तेच झालंय."

मास्तर वही अजून लांब धरूनच उभे होते. ते म्हणाले, "म्हणजे मी चुकीचा लिहिलाय?"

"अडुसष्ट एक्केचाळीस," मामांनी हळूच सांगितलं.

"ती गाडी तर माझी नाहीच," मास्तर म्हणाले आणि खुर्चीत बसले.

डॉक्टरबाईंनी सुनेला विचारलं, "पण आधी थेंब, हे तुला कोणी शिकवलं?"

सुनेने टेबलामागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे कामाचा क्रम लिहिलेला कागद चिकटवलेला होता, खास बाईंच्या हस्ताक्षरात. पहिली ओळ, आल्याबरोबर थेंब. दुसरी ओळ, मग वहीत नोंद.

बाईंनी तो कागद वाचला. चष्मा काढला, पुन्हा वाचला. "थेंबांना चढायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात लिहिणं उरकेल, असा माझा हिशोब होता," त्या म्हणाल्या. "आणि थेंबांनी जवळचं दिसत नाही, हे मी रोज वीस जणांना स्वतःच्या तोंडाने सांगते."

"मलाही सांगितलंत," मास्तर म्हणाले. "आत्ताच."

बाई हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचेच डोळे भरून आले. कागद ओढून काढून त्यांनी मामांच्या हातात दिला. "दंड कोणी कोणाला करायचा, सांगा आता. आधीच्या दोघांचे पैसे परत करते, मास्तरांचं चाक सोडा, आणि तिघांची माफी मीच मागते. हे टेबल उचला मामा, दाराबाहेर ठेवा. आधी वही, मग माणूस आत, मग थेंब."

"आणि बारा वाजता येणारा माणूस?"

"त्याला चहा देऊ."

टेबल होतं जुन्या लाकडाचं, जड. सासरा एका टोकाला, सून दुसऱ्या टोकाला. "बाबा, वाकू नका, कंबर धरेल." "तू मागे बघ, उंबरा आहे." असं करत करत दोघं दारात अडकले. टेबल ना आत, ना बाहेर. त्याच वेळी पायऱ्यांवर एक टायवाला माणूस बॅग घेऊन उभा.

"मी कॅमेऱ्याच्या कंपनीकडून आलोय," तो म्हणाला. "मॅडम आहेत?"

"आहेत," मामा म्हणाले. "पण टेबल बाहेर आल्याशिवाय आत कसे जाणार? बॅग खाली ठेवा आणि हा पाय धरा."

त्या भल्या माणसाने खरंच धरला. टेबल बाहेर आलं, सावलीत टेकलं. सुनेने वही उघडली, वर पेन ठेवलं. टायवाला घाम पुसत म्हणाला, "इथे जागेची देखरेख सध्या कोण करतं?"

"मी," मामा म्हणाले. "गाडी आणलीय का?"

"हो, त्या कोपऱ्यात लावलीय."

"मग नंबर सांगा. मी लिहून घेतो."